एकाच पाकिटातल्या चार बियांना चार वास का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ऑन्टारिओत राहतात. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि ऑन्टारिओत घरटी चार झाडं लावायला परवानगी आहे. त्यांनी परवाना असलेल्या दुकानातून बियांचं पाकीट आणलं, त्यावर 'लिंबाचा वास' असं छापलेलं. चारही बिया एकाच दिवशी, एकाच मातीत, परसात शेजारी शेजारी कुंड्यांत लावल्या. ऑक्टोबरात कापणी केली आणि गॅरेजमध्ये पंखा लावून चार दिवसांत फुलं वाळवली. आता पहिल्या झाडाला खरोखर लिंबाचा वास आहे. दुसऱ्याला काळी मिरी आणि वर हिंगाची झाक. तिसरं कैरीच्या चिकासारखं. आणि चौथं, जे ओलं असताना चौघांत सगळ्यात छान होतं, त्याला वाळल्यावर नुसता गवताचा वास. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: माझं काय चुकलं? पुढच्या वेळी मातीत लिंबाची सालं किंवा गुळाचं पाणी घातलं तर सगळ्यांना लिंबू येईल का? आणि कंपन्या वास पकडून कसा ठेवतात? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की झाडांची बुडखी अजून कुंड्यांत आहेत, ती टाकायची आहेत.

मी ब्रिटिश कोलंबियात एका परवानाधारक कंपनीत वाण निवडीचं काम करतो. त्याआधी दापोलीला शेतकी शिकलो, आणि त्याच्याही आधी आजोबांच्या मागे मागे आंब्याच्या बागेत हिंडलो. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय. तुमचं निम्मं उत्तर आंब्यात आहे.

हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोयीतून येतो तो रायवळ. गोड निघेल, आंबट निघेल, एखादा झकासही निघेल, पण तो हापूस नसतो. हापूस हवा तर कलम बांधावं लागतं. गांजाच्या बाबतीत मात्र माणसं पाकिटावरचं नाव वाचतात आणि बी म्हणजे कलमच असल्यासारखी अपेक्षा धरतात. तुमच्या चार कुंड्यांत चार भावंडं होती, चार प्रती नव्हत्या. त्यामुळे पहिल्या तीन झाडांपुरतं तुमचं काहीही चुकलेलं नाही. चौथ्याचं वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. झाड कोणता वास बनवू शकतं, हे जनुकं ठरवतात. किती बनवतं, हे ऊन, पाणी, खत आणि कापणीची वेळ ठरवते. आणि बनवलेल्यातलं बरणीत किती उरतं, ते वाळवण्यावर आहे. हे वेगळे केले नाहीत तर माणूस वाळवण्यातली चूक खतात शोधत बसतो. मीही बसलोय.

आधी कारखाना पाहू. साठपट मोठं दाखवणारं साधं भिंग मिळतं, ते फुलाजवळच्या छोट्या पानावर धरा. काचेच्या डोक्याच्या टाचण्या दाटीने टोचून ठेवल्यासारखं दिसेल. या टाचण्या म्हणजे ग्रंथिल केस, इथले सगळे त्यांना ट्रायकोम म्हणतात. डोक्याच्या तळाशी पेशींची एक चकती असते आणि त्या चकतीवर पातळ पापुद्र्याचा फुगा. पेशी तेल बनवतात आणि ते वर फुग्यात साठत जातं. आमच्या इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात २०२० साली हे केस बारकाईने तपासले गेले. देठ असलेल्या केसांच्या चकतीत १२ ते १६ पेशी निघाल्या, पानाला चिकटून बसलेल्या बिनदेठाच्या केसांत फक्त ८. आणि फुलावरच्या देठवाल्या केसांत हलक्या, चटकन उडणाऱ्या टर्पीनचा (टर्पीन म्हणजे तेलातली वासाची द्रव्यं) वाटा जास्त. म्हणून पान चुरगळून येणारा वास आणि फुलाचा वास एक नसतो. लहान रोपाचं पान हुंगून 'हे लिंबू निघणार' असं कोणी छातीठोक सांगत असेल तर हसून पुढे जा.

आता हे टर्पीन प्रकरण. टर्पीन म्हणजे पाच कार्बनच्या विटांचं बांधकाम. दोन विटा जोडल्या की दहा कार्बनचा हलका माल तयार होतो: लिमोनीन, मिर्सीन, पायनीन, टर्पिनोलीन, लिनालूल. तीन विटा जोडल्या की पंधरा कार्बनचा जड माल: कॅरिओफायलिन, ह्युम्युलिन, फार्नेसीन. हलका माल पेशीतल्या प्लास्टिड नावाच्या खोलीत बनतो, जड माल बाहेर पेशीद्रवात. दोन खोल्या, कच्च्या मालाच्या दोन वाटा. यातले बरेच वास तुम्हाला स्वयंपाकघरातून माहीत आहेत. संत्र्याच्या सालीत लिमोनीन, काळ्या मिरीत आणि लवंगेत कॅरिओफायलिन, धन्यात लिनालूल. ह्युम्युलिनला तर नावच हॉप्सच्या वेलावरून मिळालंय, आणि बिअरमध्ये घालतात तो हॉप्स गांजाचा सख्खा चुलतभाऊ, दोघे एकाच कुळातले.

विटा सगळ्या झाडांकडे सारख्याच. फरक गवंड्यांत. हे गवंडी म्हणजे टर्पीन सिंथेज नावाची एन्झाइम. गांजाच्या जनुकसंचात त्यांची तीसच्या वर जनुकं सापडली आहेत. कुठल्या झाडात कुठलं चालू, कुठलं बंद, कुठलं अर्धवट, यावर वास ठरतो. आणि यातले बरेच गवंडी एकाच प्रकारची भिंत बांधत नाहीत. एकाच एन्झाइमातून दोन, तीन, कधी पाच-सहा पदार्थ ठरलेल्या प्रमाणात बाहेर पडतात. कॅरिओफायलिन बनवणाऱ्या एन्झाइमातून ह्युम्युलिनही निघतं, म्हणून मिरीच्या वासाच्या प्रत्येक झाडात थोडा हॉप्स असतोच. टर्पिनोलीन आलं की त्याच्यासोबत कॅरीन आणि फेलँड्रीन येतात. निवड करणाऱ्याला हे मनात पक्कं ठेवावं लागतं. आम्ही सुटे वास निवडत नाही, मोळ्या निवडतो. 'ह्यातलं कॅरिओफायलिन ठेव, ह्युम्युलिन काढ' असं विक्री विभागातून कोणी म्हणालं की मी त्यांना चहा पाजतो आणि विषय बदलतो.

आणखी एक भानगड आहे. हलक्या टर्पीनचा कच्चा माल जेरानिल पायरोफॉस्फेट नावाचा रेणू असतो. नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी ज्या आम्लापासून बनतात, तेही याच रेणूपासून तयार होतं. म्हणजे वासाचा आणि नशेच्या द्रव्याचा हिशेब एकाच गल्ल्यातून चालतो. यावरून एक वाढलं की दुसरं घटणारच असं समजू नका. केस दाट आणि डोकी मोठी असली की दोन्ही एकत्र वाढतात, आणि प्रत्यक्षात हेच जास्त दिसतं.

आता तुमच्या चार भावंडांचं गणित. गांजात नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि पराग वाऱ्यावर जातो. अशा पिकात झाडाच्या पोटात जनुकांच्या जोड्या बहुतेक विजोड असतात. समजा आई-बाप दोघांकडेही एखाद्या एन्झाइमाच्या जनुकाची एक प्रत चालू आणि एक बंद आहे. चार मुलांत सरासरीने तिघांत ते एन्झाइम असेल आणि एकात अजिबात नसेल. हे झालं एका जागेचं. तुम्हाला हवा तो वास चार वेगवेगळ्या जागांवर अवलंबून असेल आणि प्रत्येक जागी हवा तो मेळ बसण्याची शक्यता पाव धरली, तर २५६ झाडांत एक. प्रत्यक्षात काही जनुकं शेजारी असल्यामुळे एकत्रच उतरतात, त्यामुळे गणित इतकं कडक राहत नाही, पण अंदाज यावा. तुम्ही चार बियांत एक लिंबू मिळवलंत, म्हणजे बी विकणाऱ्याने बऱ्यापैकी काम केलं होतं.

पाकिटावरच्या नावावर किती भिस्त ठेवायची? फार नाही. २०२१ साली नोव्हा स्कोशियातल्या डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर गांजाचे २९७ नमुने तपासले. एकाच नावाखाली विकले जाणारे नमुने जनुकांनी एकमेकांपासून इतके दूर निघाले की नाव बदललं असतं तरी फरक पडला नसता. आणि 'इंडिका' व 'सॅटिव्हा' ही पाटी झाडाच्या वंशापेक्षा थोड्या टर्पीन जनुकांशी जास्त जुळत होती. मिर्सीन जास्त असेल तर लोक त्याला इंडिका म्हणत आलेत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी नाकाने वास ओळखला आणि त्याला घराण्याचं नाव देऊन टाकलं.

खतांचा प्रश्न लवकर संपवतो, कारण त्यात फार दम नाही. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन मुळांतून वर चढून फुलात जात नाही. झाड आपलं लिमोनीन त्या केसांच्या चकतीत स्वतः बनवतं, ते बनवणारं जनुक नसेल तर अख्खं लिंबाचं झाड कुंडीत पुरलंत तरी उपयोग नाही. गुळाच्या पाण्याने मातीतले जिवाणू खूश होतील, मुंग्या त्याहून खूश होतील. खत, ऊन, पाणी यांनी वासाची जात बदलत नाही, वासाची ताकद बदलते. भरपूर उजेड मिळाला तर केस दाट येतात. फुलं भरायच्या काळात नत्र जास्त झालं तर झाड पानांवर खर्च करतं. शेवटच्या आठवड्यांत कडक गरमी पडली तर हलका माल झाडावरच उडतो. आठवडाभर आधी किंवा नंतर कापलं तर प्रमाण सरकतं. हे सगळं तुमच्या परसावर अवलंबून आहे आणि मी ते इथून पाहू शकत नाही. पण एकाच परसातल्या शेजारच्या कुंड्यांत लिंबू आणि हिंग एवढा फरक पडला असेल तर तो खतातून आलेला नाही.

मग कंपन्या काय करतात? उत्तर कंटाळवाणं आहे: खूप झाडं लावतात, बहुतेक टाकून देतात, आणि राहिलेलं कलमावर वाढवतात.

आमच्याकडची एक फेरी सांगतो. एका संकराच्या १६० बिया लावल्या. प्रत्येक रोपाला क्रमांक. फुलोऱ्यावर नेण्याआधी प्रत्येकाची दोन छाट कलमं करून वेगळी ठेवली. हे झालं नाही तर पुढचं सगळं वाया, कारण सगळ्यात चांगलं झाड कोणतं हे कळतं तेव्हा ते कापून झालेलं असतं. फुलं आल्यावर पहिली चाळणी डोळ्यांनी: बुरशी धरणारी, लोळणारी, विरळ केसांची बाद. दुसरी चाळणी झाडावरच, दोन बोटांनी फूल हलकेच चोळून. तिसरी आणि खरी चाळणी वाळवल्यानंतर.

ती खोली तुम्हाला दाखवायला आवडली असती. टेबलावर काचेच्या ३८ बरण्या, झाकणावर फक्त क्रमांक. हुंगायला आम्ही तिघं: मी, इथल्याच सरे शहरातला एक पंजाबी सहकारी, आणि एक बाई ज्या आधी बिअरच्या कारखान्यात हॉप्सची पारख करायच्या. बरणी उघडायची, फूल बोटांनी मोडायचं, हुंगायचं, लिहायचं, बोलायचं नाही. पाच-सहा बरण्यांनंतर नाक बधिर होतं, तेव्हा आपल्याच सदऱ्याची बाही हुंगायची. नंतर कागद जुळवायचे. एका बरणीला बाईंनी लिहिलं होतं 'टेनिसच्या नव्या चेंडूंचा डबा', पंजाबी सहकाऱ्याने लिहिलं 'पेट्रोल पंप', आणि मी लिहिलं होतं 'पावसाळ्याच्या तोंडावरचं रबरी चपलांचं दुकान'. तिघांनी एकच गोष्ट ओळखली होती. ते झाड राहिलं. जिथे तिघांचे कागद तीन दिशांना जातात तिथे सहसा वासच धड नसतो.

मग यंत्र कशाला? नाक थकतं, यंत्र थकत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफी प्रत्येक टर्पीनचं प्रमाण वेगळं काढून देते, आणि पुढच्या पिढीत मोळी टिकली की फुटली ते आकड्यांतच कळतं. मात्र आकड्यांनी मला एकदा चांगलंच फसवलं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका फेरीत क्रमांक ६१ निवडला, कारण अहवालात एकूण टर्पीन ३.४ टक्के. वाळलेल्या फुलात १ ते ३ टक्के नेहमीचं, म्हणून हा आकडा पाहून मी हुरळलो. त्याच फेरीत १.६ टक्क्यांचं एक झाड होतं, त्याची बरणी उघडली की खोलीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस मान वळवायचा. मी ते टाकून दिलं. ६१ मध्ये जवळजवळ सगळं मिर्सीन होतं, वास जाड आणि मुका. वर्ष गेलं त्यात.

त्यामागचं कारण नंतर नीट समजलं. गांजाच्या वासाचा पाया टर्पीनचा आहे, पण ओळख पुष्कळदा दुसऱ्याच पदार्थांची असते, आणि ते इतके कमी असतात की नेहमीच्या टर्पीन अहवालात त्यांची ओळच नसते. ज्याला इथे 'स्कंक' म्हणतात तो उग्र वास टर्पीनचा नाही, थायॉल नावाच्या गंधकयुक्त रेणूचा आहे, हे २०२१ साली एका संशोधक गटाने दाखवलं. उन्हात राहिलेल्या बिअरला जो घाण वास येतो तोही याच रेणूचा. २०२३ मध्ये त्याच गटाने आणखी पुढे जाऊन दाखवलं की फळांचे आणि चमचमीत वास वेगळे ओळखू येतात ते एस्टर, गंधकाचे दुसरे रेणू आणि स्कॅटोल अशा बिनटर्पीन मंडळींमुळे. स्कॅटोलला शेणाचा वास असतो. त्याचा जवळचा नातेवाईक इंडोल जाईच्या फुलात असतो. प्रमाण बदललं की वासाची इज्जत बदलते. तुमच्या दुसऱ्या झाडावरची हिंगाची झाक याच गंधकवाल्यांची असावी, कारण हिंगाचा वासही गंधकाच्या संयुगांचाच. मिरी कॅरिओफायलिनची आणि हिंग त्यांचं, अशी दोन वेगळ्या घरांची वरात एका फुलात आली आहे.

हापूसचंही असंच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरीच वर्षं काम झालंय. मोजमापात टर्पीनच वरचढ, त्यातही ओसिमीन. पण कैरीचा हापूस आंबा होतो तेव्हा जे लॅक्टोन आणि फ्युरॅनोन नावाचे रेणू येतात ते मापाने थोडे असूनही पिकल्याची ग्वाही तेच देतात. आढीतल्या पेंढ्यात हात घालून आजोबा आंबा तयार झाला की नाही ते सांगायचे, तेव्हा ते ओसिमीन मोजत नव्हते. आणि तुमच्या पहिल्या झाडाबद्दल, शुद्ध लिमोनीन हुंगलंत तर लिंबापेक्षा संत्र्याची साल आठवेल. गवती चहाचा जो लिंबूपणा आहे तो सिट्रालचा. पाकिटावर 'लिंबू' छापलेलं असतं तेव्हा आत लिमोनीन आणि त्याला लिंबाकडे ढकलणारं आणखी काहीतरी असतं, आणि ते 'आणखी काहीतरी' बियांतून सगळ्यांना सारखं मिळत नाही.

नर झाडांची निवड ही या धंद्यातली खरी डोकेदुखी. वास, केस, तेल सगळं मादीच्या फुलावर. नराला मोठा फुलोरा नाही, केस विरळ. खोड चोळून वास घेतात, थोडाफार अंदाज येतो, पण बापाची पारख शेवटी मुलींवरूनच. आम्ही एकेक नर त्याच दोन ठरलेल्या माद्यांना देतो, प्रत्येक जोडीची तीसेक रोपं फुलवतो, आणि ज्याच्या मुलींत हवी ती मोळी जास्त वेळा उतरली तो राहतो. देशी वळूची पारख त्याच्या कालवडींच्या दुधावरून करतात, तीच रीत.

गरज नसलेले नर वेळेत काढणं हेही जुनंच शास्त्र आहे. पराग लागला की मादी बी भरायला घेते आणि फुलातलं तेल बरंच घटतं. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये भारतातल्या गांजा-भांगेची मोठी चौकशी केली होती. बंगालात नौगावकडे शेतात फिरून नर झाडं ओळखून उपटणारा एक खास जाणकार असे, आणि त्या कागदांत त्याला चक्क 'गांजा डॉक्टर' म्हटलंय. आमच्या कंपनीत हे काम उन्हाळ्यात येणारी कॉलेजची पोरं करतात. त्यांना हे सांगितल्यापासून त्यांनी गळ्यात खोटा स्टेथोस्कोप घालायचं तेवढं बाकी ठेवलंय.

हल्ली बहुतेक पाकिटांवर 'फक्त मादी बिया' असं लिहिलेलं असतं. चांदीच्या एका क्षाराने मादी झाडातला इथिलीन या संप्रेरकाचा निरोप अडवला की ती नर फुलं काढते. त्या परागात नराचं वाय गुणसूत्र नसतं, म्हणून मुली होतात. याच युक्तीने झाडाचा स्वतःशीच संकर करता येतो, आणि मग पोटात लपलेलं सगळं बाहेर पडतं, चांगलंही आणि वाईटही. दोन-तीन पिढ्या असं केलं की वास स्थिर होत जातो, पण जोम घटतो, रोपं किरटी होतात. वास पक्का करायचा आणि झाडही उभं ठेवायचं ही तारेवरची कसरत, म्हणून वासाच्या बाबतीत खरोखर एकसारखं बी अजून कमीच मिळतं. उत्पादनासाठी आम्ही बी वापरतच नाही. निवडलेली मातृवृक्षं ठेवतो आणि छाट कलमं घेतो, हापूससारखंच.

कलम म्हणजे कायमचा बंदोबस्त, असंही नाही. एका वर्षी आमच्या तीन मातृवृक्षांचा वास हळूहळू ओसरत गेला. खत बदललं, दिवे बदलले, वाळवणीच्या खोलीतल्या माणसाला उगाच बोलणी बसली. शेवटी तपासणीत निघाला हॉप लेटंट व्हायरॉइड, हॉप्सवरचाच एक रोग, जो २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गांजात ओळखला गेला. झाड जगतं, फुलतंही, पण केस खुजे राहतात. न पुसलेल्या कात्रीतून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून ओळखीच्या माणसाने हौसेने दिलेलं कलम घेताना दोनदा विचार करा आणि कात्री स्वच्छ ठेवा.

आता तुमचं चौथं झाड. ओलं असताना सगळ्यात छान आणि वाळल्यावर गवत, या एका वाक्यात सगळं आलं. मिसिसिपी विद्यापीठाच्या १९९६ सालच्या एका प्रयोगात साध्या खोलीत आठवडाभर वाळवल्यावर सुगंधी तेलातलं सुमारे ३१ टक्के उडालं होतं, आणि आधी उडतो तो हलका माल. लिंबू, कैरी, फुलांचे वास आधी जातात, मिरी मागे राहते. तुमच्या दुसऱ्या झाडाला पंख्याचा फटका फारसा जाणवला नाही, कारण त्याचा वासच जड मालाचा. चौथ्याचा वास बहुधा जवळजवळ सगळा हलका होता. वर चार दिवसांत कडकडीत वाळवलं की पानांतला हिरवा वास, म्हणजे कापलेल्या गवताला येतो तोच, विरायला वेळ मिळत नाही. चांगलं ते उडालं आणि नको ते उरलं. आम्ही अंधारात १५ ते १८ अंशांवर, साधारण ५५ ते ६० टक्के आर्द्रतेत, दहा ते चौदा दिवस घेतो, आणि पंखा कधीही फुलांवर रोखत नाही. गॅरेजमध्ये ऑक्टोबरात थंडावा तुम्हाला फुकट मिळतो. नडला तो पंखा.

म्हणजे चौघांतलं सर्वोत्तम झाड कदाचित चौथंच असेल, आणि ते तुम्ही नापास केलंय. ओल्या वासावर मी शेवटची निवड कधी करत नाही हे खरं, पण चुकीच्या वाळवणीवर तर मुळीच करत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी मध्येच एक वाक्य, कारण कोणीतरी विचारणारच. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखाली घरी एक झाड लावणंही गुन्हा आहे. उत्तराखंडने २०१८ पासून औद्योगिक भांगेला परवाने दिले, पण तिथे टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के, आणि तो विषय वासाचा नसून धाग्याचा आणि बियांचा आहे.

बुडखी टाकायची आहेत म्हणालात. पहिल्या आणि चौथ्या कुंडीतल्या बुडख्यांवर खालची दोन-चार हिरवी पानं किंवा एखादं बारीक बोंड राहिलं असेल तर टाकू नका. घरात आणा, रोज अठरा तास उजेड द्या, पाणी बेताने. उसाचा खोडवा धरतात तसा याचाही धरता येतो. पहिले तीन-चार आठवडे वेडीवाकडी, एकाच पात्याची पानं येतील, घाबरू नका, झाड फुलोऱ्यातून परत वाढीवर येताना असंच गोंधळतं. नंतर सरळ फुटवे येतील, त्यांची छाट कलमं करा आणि कुंडीवर क्रमांक लिहा. चार झाडांच्या मर्यादेत बुडखी आणि कलमं दोन्ही मोजली जातात, म्हणून दुसरं आणि तिसरं आत्ताच काढून जागा मोकळी करा. पुढच्या ऑक्टोबरात चौथ्याची फुलं पंख्याशिवाय वाळवा, बरणी महिनाभर बंद ठेवा, आणि मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी झाकणावरचा क्रमांक न दाखवता हुंगायला द्या. काय निघालं ते इथे नक्की लिहा, मला खरंच उत्सुकता आहे.